तांबड्या मांजरीविरुद्धची तक्रार

आमच्या गृहसंस्थेच्या तक्रारवहीत आजवर पाण्याबद्दल, वाहने लावण्याबद्दल आणि गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु एका मांजरीविरुद्ध, तीही तिच्या परोपकाराबद्दल, लेखी तक्रार करणारे सभासद एकच: श्री. शांताराम भुवड. त्यांच्या उभट, टपोऱ्या अक्षरांतली ती नोंद मी स्वतः वाचली आहे. "पंपाच्या खोलीमागे राहणारी तांबडी मांजरी ही कबऱ्या मांजरीची पिल्ले रोज पाजते. दोघींचे नाते नाही. कारण दिसत नाही. हेतूची चौकशी व्हावी."

आमचे सेक्रेटरी सोमण ती वही घेऊन माझ्याकडे आले. मी डोंबिवलीच्या एका शाळेत छत्तीस वर्षे संस्कृत शिकवले असल्यामुळे, कोणताही मजकूर बुचकळ्यात टाकणारा असला की तो माझ्याकडे आणण्याची इथे रीत पडली आहे.

"गुरुजी, यावर शेरा काय मारू?"

"विचाराधीन असे लिहा," मी म्हणालो. सोमणांनी तसे लिहिले आणि ते सुटल्यासारखे निघून गेले. मला मात्र सुटका नव्हती, कारण भुवड माझ्या समोरच्याच दारात राहतात.

भुवडांच्या संशयी वृत्तीचे मूळ त्यांच्या व्यवसायात आहे, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. शीळफाट्याजवळच्या एका वजनकाट्यावर त्यांची सगळी हयात गेली. खडी, वाळू, लोखंड भरलेले ट्रक काट्यावर चढत. आधी भरलेल्या गाडीचे वजन व्हायचे, माल उतरवून आल्यावर रिकाम्या गाडीचे, आणि वजाबाकी करून उरेल तो माल. एवढ्या साध्या वजाबाकीत मनुष्य किती युक्त्या लढवू शकतो, हे भुवडांच्या तोंडून ऐकावे. कोणी पाण्याची टाकी भरून येई आणि परतताना पाणी ओतून देई. कोणी क्लीनरला ताडपत्रीखाली निजवून आणी. "आणि सगळ्यात बेरकी कोण, सांगू?" भुवड आवाज खाली आणून म्हणत. "जो काहीच करत नाही. बाजूला उभा राहून बिडी ओढतो, आणि एक पाय हळूच काट्याच्या कडेवर ठेवतो."

त्या काट्याने त्यांना जगाकडे पाहण्याची एकच कसोटी दिली होती. कोणी कोणाचे भले केल्याचे कानी आले, की ते डोळे बारीक करून विचारत, "भरलेलं राहू द्या. रिकामं वजन किती?" चांगुलपणा ही त्यांच्या लेखी भरून आलेली गाडी होती. तिच्यातून माणसाचा स्वतःचा मतलब वजा करावा आणि मग माल किती उरतो ते पाहावे. माल बहुधा उरत नसे, असा त्यांचा अनुभव.

या कसोटीपायी त्यांचा दिनक्रम फार कष्टाचा झाला होता. त्यांच्यासाठी कोणी लिफ्ट धरून ठेवली, तर ते जिन्याने जात. संक्रांतीच्या तिळगुळाला गोड बोलण्याची अट जोडलेली असते, म्हणून ते तिळगूळ घेत नसत. एकदा नवरात्रात आम्ही दोघे टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला गेलो होतो. रांगेत एक बाई आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून म्हणाल्या, "काका, तुम्ही पुढे व्हा ना." भुवडांनी माझे मनगट धरले आणि मला थेट रांगेच्या शेपटाकडे नेले.

"अहो, तिने आपुलकीने सांगितले," मी म्हणालो.

"गुरुजी, ती एकटी नव्हती. मागे तिची चार माणसं होती. उद्या म्हणतील, काकांना सोडलं, आता आम्हाला सोडा."

त्या दिवशी देवीने आम्हाला तासभर अधिक उभे केले. मी मनातल्या मनात स्तोत्र म्हणत राहिलो आणि भुवड रांगेतल्या प्रत्येकाच्या पायांकडे पाहत राहिले.

माझ्या नित्यकर्मावरही त्यांची नजर असे. जेवणापूर्वी मी खिडकीच्या कट्ट्यावर काकबली ठेवतो. भुवड समोरच्या गॅलरीतून पाहत. "कावळा तुम्हाला ओळखतो, गुरुजी. तुम्ही भात देता, तो वेळेवर येतो. यात पितर कुठून आले?" एके सकाळी तर त्यांनी माझ्या देवघरापुढे उभे राहून विचारले, "तुम्ही देवाला फुलं वाहता, देव तुम्हाला सांभाळतो. गाड्या दोन्ही भरलेल्या. रिकामं वजन कोणी केलंय?" मी रागावलो नाही. पूजा आटोपल्यावर मात्र मी बराच वेळ हात जोडून उभा राहिलो आणि नेहमीपेक्षा एक मागणे कमी मागितले.

त्यांच्या संशयाचा एक लाभ आमच्या घराला नियमितपणे होत असे, तो सांगितलाच पाहिजे. दर वर्षी ज्येष्ठात त्यांच्या कोकणातल्या गावाहून गोणपाटात शिवलेले एक गाठोडे येई. पाठवणाऱ्याचे नाव गंगाराम. भुवड ते न उघडता, अंगापासून हातभर लांब धरून, माझ्या दाराशी आणत. "घ्या. आमसुलं असतील. तपासून खा."

"तुम्ही का नाही ठेवत?"

"यामागे काहीतरी आहे. इतकी वर्षं कोणी उगाच आमसुलं पाठवत नाही."

"आम्हाला तर आजवर काही बाधा झाली नाही."

"तुम्हाला कशी होईल? वर नाव माझं लिहिलेलं असतं."

अशा रीतीने भुवडांच्या वाट्याच्या संशयाची सोलकढी आम्ही अकरा उन्हाळे प्यायलो.

आता त्या मांजरींकडे येतो. कबरी आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर जन्मलेली. तांबडी दोन वर्षांपूर्वी कल्याणहून आलेल्या मासळीच्या टेम्पोतून इथे उतरली, हे भुवडांनी डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हा त्या बहिणी नव्हेत, हे निश्चित. गेल्या वर्षी वैशाखात दोघी आठवड्याच्या अंतराने व्याल्या, आणि पंपाच्या खोलीमागच्या एकाच खोक्यात राहू लागल्या. एक बाहेर गेली की दुसरी सातही पिल्लांना पोटाशी घेई. भुवडांनी सकाळी खुर्ची टाकून पाळत ठेवली. चौथ्या दिवशी त्यांनी ती तक्रार लिहिली.

माझी सून अनघा ठाण्याच्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. रविवारी भुवड तिच्यासमोर येऊन बसले आणि त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"काका, यात गुन्हा काहीच नाही हो," ती हसून म्हणाली. "खूप प्राण्यांत असतं हे. अमेरिकेकडे रक्तावर जगणारी वटवाघळं आहेत. दोन-तीन रात्री उपाशी राहिलं की मरतात बिचारी. मग जिचं पोट भरलंय ती उपाशी असलेल्या शेजारणीला आपल्या तोंडातलं देते. नात्यातली नसली तरी."

"का पण?"

"कारण उद्या हिच्यावर तीच वेळ येते. दोघी एकाच ढोलीत राहतात, रोज भेटतात, एकमेकींना ओळखतात. जी देते तिला मिळतं. जी नुसतीच घेते, तिला हळूहळू कोणी विचारत नाही. म्हणून देणाऱ्यांचा वंश टिकला."

भुवडांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत प्रथमच कोणी विद्वान त्यांच्या बाजूने बोलत होते. "बघा गुरुजी! मी म्हणत नव्हतो? मतलब आहे!"

"मतलब त्या वटवाघळाला ठाऊक नसतो हो, काका. त्याला नुसतं द्यावंसं वाटतं. ते वाटणं उपयोगी पडलं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या उरलं."

मला हे ऐकताना आपल्याकडची ऋणाची कल्पना आठवत होती. मनुष्य देवांचे, ऋषींचे, पितरांचे ऋण घेऊनच जन्मतो असे आम्ही मानतो. हे ऋण वटवाघळालाही चुकलेले नाही, हे पाहून सृष्टिकर्त्याविषयीचा माझा आदर दुणावला. भुवडांना मात्र दुसरीच शंका होती.

"पण पहिलं कोणी दिलं? त्याला कुठे माहीत होतं परत मिळेल म्हणून?"

"चांगला प्रश्न आहे," अनघा म्हणाली. "बहुतेक आईपासून सुरुवात झाली असणार. आई पिल्लाला देतेच. तीच सवय पुढे शेजाऱ्यापर्यंत पोचली."

नखाने खुर्चीचा हात खरवडत भुवडांनी विचारले, "आणि समजा एखाद्याने घेतलं. परत द्यायची वेळ आली आणि तो निघून गेला. कुठल्या कुठे. तर बाकीचे किती वर्षं लक्षात ठेवतात?"

"असं कोणी तपासलंय का, मला नाही माहीत, काका."

"तपासायला पाहिजे," असे म्हणून ते उठले. जाताना चहा तसाच राहिला होता. तो त्यांनी फुकटचा म्हणून ठेवला की विसरून, हे मला तेव्हा कळले नाही.

पुढच्याच आठवड्यात कबरी नाहीशी झाली. गाडीखाली सापडली की आणखी काही, कोणालाच समजले नाही. खोक्यात तांबडी, तिची तीन आणि कबरीची चार पिल्ले उरली. त्यांचे डोळे नुकते उघडले होते.

भुवड माझ्या दारात आले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "गुरुजी, आता काटा होणार. परतफेड करणारी गेली. आता रिकामं वजन कळेल. चार दिवसांत ती त्या चौघांना खोक्याबाहेर काढणार, बघा तुम्ही."

"आणि नाही काढले तर?"

ते वळून पंपाच्या खोलीकडे निघाले.

चार दिवस झाले, आठ झाले. तांबडी सातही पिल्लांना पाजत होती. वाळण्याऐवजी ती उलट धष्टपुष्ट दिसू लागली. भुवड रोज येऊन वार्ता देत, "आज पण पाजलं. चौघांना पण." तक्रारदाराच्या तोंडावर एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता. इथे प्रथमच माझ्या मनात संशय शिरला. इतकी वर्षे शेजारी राहिल्याचा तो परिणाम असावा.

एका सकाळी संध्या आटोपून मी पंपाच्या खोलीकडे गेलो. जवळ जाताच, माझ्यासारख्याने ज्याचे नावही सहसा घेऊ नये, असा वास आला. भुवड उकिडवे बसले होते. हातात स्टीलचा डबा होता, आणि डब्यातली सुकट ते तांबडीला मूठमूठ घालत होते. "खा बाय, खा. सातांना पुरवायचं आहे तुला. खा."

मी घसा खाकरला. ते दचकून उभे राहिले आणि डबा त्यांनी पाठीमागे लपवला.

"भुवड," मी म्हणालो, "तुम्ही काट्यावर पाय ठेवलात."

चौतीस वर्षांच्या नोकरीत हा आरोप त्यांच्यावर कोणी केला नसेल. त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिले, जणू काटा तिथे खरोखरच होता. मग ते खुर्चीवर बसले. मी पायरीवर बसलो. तांबडी मध्ये बसून मिशा पुसत राहिली.

"ती हरली असती तर मला चाललं नसतं, गुरुजी," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितले ते असे. त्यांच्या गावाकडे भाताच्या लावणीला सावड घालतात. आज पाच घरची माणसे एकाच्या शेतात राबतात, उद्या तीच दुसऱ्याच्या. मजुरी नसते, लिहिणे नसते, दिवसाला दिवस. भुवड बावीस वर्षांचे असताना गंगाराम तीन दिवस त्यांच्या शेतात वाकला होता. चौथ्या दिवसापासून गंगारामची पाळी. त्याच संध्याकाळी मामाचा निरोप आला, काट्यावर जागा आहे, लगेच ये, नाहीतर दुसरा उभा आहे. पहाटेच्या गाडीने भुवड निघाले. गंगारामला तोंड दाखवले नाही.

"त्याच्याकडे माणूस नव्हतं, गुरुजी. लावणी लांबली की रोप जून होतं. त्या वर्षी त्याच्या घरात काय शिजलं असेल, मला माहीत नाही. मी विचारलं पण नाही. दोन वर्षांनी मामाकरवी आयेला इकडे आणवली, ती इथेच गेली. मी गावाला पाय ठेवला नाही."

"आणि ती आमसुले?"

"टोमणा पाठवतो दरसाल. दुसरं काय असणार?"

मी त्यांना उपदेश केला नाही. आयुष्यभर उपदेश केल्यावर त्याचे रिकामे वजन मला ठाऊक झाले आहे. एवढेच म्हणालो, "आषाढ लागायला आठ दिवस आहेत. लावणी तेव्हाच असते ना?"

त्यांनी माझ्याकडे फार संशयाने पाहिले.

आषाढाच्या दुसऱ्या दिवशी ते घराची किल्ली घेऊन माझ्या दारात उभे राहिले. तिच्याबरोबर सुकटीचा डबाही होता. "किल्ली ठेवा. आत कपाटाला हात लावू नका. आणि हे तिला, दोन वेळा. तुमचा धर्म बुडत असेल तर सांगा."

मी डबा घेतला. धर्माला विचारले असता त्याने हरकत घेतली नाही, फक्त नाक दाबून धरण्याची मुभा मागितली. पाच दिवस मी, घरी कांदासुद्धा वर्ज्य असलेला मनुष्य, सोवळे उतरवून दोन वेळा एका मांजरीला सुकट घालत होतो. सोमणांनी ते पाहिले आणि आमच्या दोघांविषयीचे त्यांचे मत कायमचे ठरले.

सहाव्या दिवशी दुपारी भुवड परतले. कमरेतून वाकलेले होते, नखांत गावची माती होती, आणि काखेत गाठोडे. लिफ्ट सोमणांनी धरून ठेवली होती. ते निमूट तिच्यात शिरले.

"झाली सावड?" मी विचारले.

ते माझ्या खुर्चीवर हळूहळू बसले. "गेलो तर बांधावर बसलेला. म्हातारा झालाय. शेत आता नातवंडं करतात. मी म्हटलं, गंगाराम, तीन दिवस राहिलेत माझे. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, आरं, कसली सावड? तुजी आय आलेली की. तू ज्या सकाळी गेलास त्याच सकाळी. पुरतं तीन दिस लावनी केलीन माज्या शेतात."

स्वयंपाकघरात अनघाच्या हातातले भांडे थांबले.

"आणि आमसुलं?" भुवड पुढे म्हणाले. "आमच्या घरामागे रातांब्याचं झाड आहे, त्याचीच ती. आयेने जाताना त्याला सांगितलेलं, लक्ष ठेव. तो दरसाल काढतो, सुकवतो. म्हणाला, तुजंच तुला धाडतो, त्यात काय!" ते हसू लागले, आणि हसता हसता त्यांनी पंच्याने तोंड पुसले. "आये इथे माझ्याजवळ नऊ वर्षं होती, गुरुजी. रोज संध्याकाळी काट्यावरच्या लबाड्या ऐकायची. मी सांगायचो, सगळे चोर आहेत. ती हो म्हणायची आणि वाढायची. एक शब्द बोलली नाही."

"कदाचित तिला त्यात सांगण्यासारखे काही वाटले नसेल."

"हां. तसंच असेल."

मी विचारले, "म्हणजे पहिल्याच दिवशी कळले की काही राहिलेले नाही. मग तुम्ही परत का नाही आलात?"

"तोवर चिखलात उतरलेलो ना. तीन दिवस लावलं. त्याची पोरं हसत होती, हा मुंबईवाला रोप उलटं लावतोय म्हणून."

"पण ते तीन दिवस मग कशाचे?"

हा प्रश्न मी विचारावा, हेच त्यांना विचित्र वाटले असावे. आपल्या जाड, चिरा पडलेल्या बोटांवरची वाळकी माती ते खरवडू लागले.

"काटा नाही केला," ते म्हणाले.

मग त्यांनी ते गाठोडे मांडीवर घेतले, दातांनी सुतळी तोडली आणि गोणपाट उघडून त्यात नाक खुपसले. डोके वर काढले तेव्हा नाकाच्या शेंड्याला तांबडे लागले होते. अर्धी आमसुले त्यांनी अनघाने आणलेल्या ताटात ओतली. तपासून खा, असे म्हणाले नाहीत. त्या दिवशीचा चहा त्यांनी तळापर्यंत प्यायला.

आठवडाभराने सोमण पुन्हा वही घेऊन माझ्याकडे आले. जुन्या तक्रारीखाली, माझ्या सांगण्यावरून लिहिलेल्या 'विचाराधीन' या शब्दाला चिकटून, तीच उभट, टपोरी अक्षरे होती:

"चौकशी पूर्ण केली. हेतू सापडला नाही. तक्रार मागे घेत आहे."